पहाटेची अकरा नावं

जुन्नर, ता. ९ जून १९५५

शफी,

अस्सलामु अलैकुम. सलाम हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे म्हणून लिहिला. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. बाप-लेकाचं नातं मी मार्च महिन्यात आपल्या मशिदीत, शुक्रवारी भर जुम्याला, सगळ्या गावासमोर तोडलं. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज फिरंग्यांनी मला सरहद्दीबाहेर काढलं. दोन्ही कामं एकाच आठवड्यात उरकली.

आता काम एवढंच आहे. माझ्या पलंगाखाली पुस्तकांची पेटी आहे, ती दिलशादकडे बांद्याला पोचती कर. तुझी बहीण सरहद्दीच्या अलीकडे दिली, हा मी आयुष्यात घेतलेला एकच शहाणा निर्णय म्हणायचा. पत्रंही तिच्याच हातून जातील-येतील. उर्दूत लिहिलं तर नाक्यावरचा शिपाई संशय घेणार, आणि तुझी उर्दू तशीही यथातथाच. तुझ्या कचेरीतली पोर्तुगीज मला नको. म्हणून मराठी.

मी जुन्नरला राजमहंमद कागदी यांच्याकडे उतरलो आहे. तरुणपणी आम्ही एका मदरशात एका ताटात जेवलो. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हाताने कागद करायचे. आता एकच हौद उरला आहे, आणि त्यातही राजमहंमद हौसेपुरते हात बुडवतात. मला त्यांनी मागची खोली दिली. पुढची रिकामी असून मागची का दिली ते कळलं नाही, पण पाहुण्याने विचारू नये. इथली माणसं चांगली आहेत, फक्त तोंडातल्या तोंडात बोलतात. सगळं जुन्नर पुटपुटतं.

पेटीला कुलूप नाही. दोरीने बांध. हवं तर त्यात माझी काळी छत्रीही घाल.

मौलवी मेहबूब

जुन्नर, ता. २९ ऑगस्ट १९५५

शफी,

अस्सलामु अलैकुम. पेटी मिळाली. छत्रीही मिळाली. लोकरीची टोपी मी मागितली नव्हती.

पंधरा ऑगस्टला सरहद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, ते तुझ्या कानावर आलंच असेल. त्याच आठवड्यात इथे निषेधाची सभा झाली. मला मंचावर बसवलं, हार घातला. वक्ते म्हणाले, "मौलवीसाहेब अकरा महिने कोठडीत होते, मार खाल्ला, पण त्यांच्या तोंडून एक नाव बाहेर पडलं नाही." खूप टाळ्या झाल्या. खरं सांगतो, बरं वाटलं. देश गेला, घर गेलं, मुलगा गेला, पण एवढं एक माझ्यापाशी राहिलं आहे.

मग एक गृहस्थ उठून म्हणाले, "एवढं होतं तर आपण पाकिस्तानात का नाही गेलात?" हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. मी म्हटलं, "फिरंग्याने मला हाकललं ते मी हिंदुस्थानचा म्हणून. तुम्ही कशासाठी हाकलणार ते ठरवून सांगा, म्हणजे पेटी सोडायची की नाही ते मी बघतो." लोक हसले, गृहस्थ खाली बसले. दुसऱ्या दिवशी मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी बोलावून सांगितलं, आम्हाला इथे नांदायचं आहे, तुम्ही सभा-बिभांना जाऊ नका. त्यांनाही मी चार शब्द सुनावले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. राजमहंमद हातानेच खूण करून मला गप्प बसवत होते.

टोपी पाठवून गोष्टी मिटत नाहीत, म्हणून तुला उजळणी देतो. अकरा जण होते. करीमखान, विठू गावकर, जुझे मास्तर आणि आणखी आठ. फिरंग्याविरुद्धची पत्रकं कोण छापतं, कोण वाटतं, कोण रानातून सरहद्द ओलांडून आणतं, हे सगळं मिळून अकरा. ती नावं मी कधी कागदावर उतरवली नाहीत. एकाला दुसऱ्याचं कळू दिलं नाही. सगळी फक्त मला ठाऊक होती, आणि तुला, कारण निरोप तू पोचवायचास. मग एका दुपारी अकराच्या अकरा उचलले गेले. कोठडीत अंमलदार मला हसत म्हणाला, "मौलवी, नावं तुझ्या घरातूनच मिळाली."

घरात मी आणि तू. तुझी अम्मी तर केव्हाच अल्लाला प्यारी झाली होती. तू भेटीला आलास तेव्हा मी एकच विचारलं, नावं तू दिलीस? तू मान खाली घातलीस. हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. सरकारी कचेरीतल्या कारकुनाच्या त्या खाली गेलेल्या मानेवरून मला जे कळायचं ते कळलं.

टोपी इथल्या हवेला जाड होते. थंडीत बघू.

मौलवी मेहबूब

शिनोली, ता. १२ जानेवारी १९५६

शफी,

अस्सलामु अलैकुम. पत्ता बदलला आहे. घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिनोली म्हणून गाव आहे. इथे आणि घोडेगावात आपल्या लोकांची थोडी घरं आहेत, मुलांना अलिफ-बे आणि कुराण शिकवायला कुणी नव्हतं. राजमहंमद म्हणाले, तुम्हाला डोंगरची हवा मानवेल. जुन्नरला माझी हवा मानवत नव्हती, असा त्याचा अर्थ. मी हसून निघालो.

राहायला चिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घराची एक बाजू मिळाली. मधे कुडाची भिंत, तिला शेणामातीचा लेप. पलीकडे चिमाजी, त्याची बायको कोंडाबाई, मुलगा आणि सून. भाताची खाचरं, वर डोंगराला नाचणी आणि वरई. पहिल्या दिवशी कोंडाबाईने दारात उभं राहून विचारलं, "मौलीसाब, आमच्या हातची भाकर चालंल का तुमाला?" मी म्हटलं, भाकरीला कसली जात, चालेल. ती म्हणाली, "मंग आमच्याबी पोरास्नी मोजायला शिकवा." असा करार झाला. साऱ्या तालुक्यात ही बाई एकटी नीट बोलते. बाकीचे इथेही पुटपुटतातच.

दिलशादचं पत्र आलं. ती लिहिते, तुझ्या शेजारी नमाजाला कुणी उभं राहत नाही. तू मागे एकटा उभा राहतोस आणि दोन्हीकडे जागा मोकळी. करीमखानच्या जन्नतबीशी तुझी ठरलेली सोयरीक मोडली. मोडणारच. बाप तुरुंगात ज्याच्यामुळे गेला त्याला मुलगी कोण देईल?

मी दिलशादला लिहिलं, केलं ते भोगावं. पत्र टाकून आलो आणि त्या दिवशी मुलांना काय शिकवलं ते मला आठवत नाही. तू लहानपणी मशिदीत माझ्या पायाशी बसून माझ्या अंगरख्याची कड चघळायचास. ओली कड घेऊन मी खुतब्याचं प्रवचन द्यायचो. हे तुला लिहायचं कारण नव्हतं. लिहून गेलो.

तू चोर आहेस याचा राग मला आहेच. पण तू चोर असूनही माझा जीव तुझ्याकडे ओढ घेतो, याचा राग त्याहून जास्त आहे.

टोपी वापरतो. इथे थंडी आहे.

मेहबूब

शिनोली, ता. ४ ऑगस्ट १९५७

बाळ शफी,

तीन पत्रं फाडली, हे चौथं.

गेल्या आठवड्यात मला ताप होता. इथे भाताच्या लावण्या चालू, सगळं घर दिवसभर चिखलात. मी दोन दिवस घोंगडी पांघरून पडून होतो. नमाज पडल्या पडल्या इशाऱ्याने केली. तिसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई पेजेचं भांडं घेऊन आली, कमरेपर्यंत चिखल, आणि दारातूनच म्हणाली, "मौलीसाब, तुमी दोन दिस नावं घेतली न्हाई."

मी विचारलं, कसली नावं?

"तीच की, पहाटंची. अकरा." आणि ती बोटांवर म्हणू लागली, "करीमखान, इठू गावकर, जुजे मास्तर, अब्दुलरहीम, रघुवीर..."

शफी, अकराच्या अकरा. एकही चुकलं नाही, क्रमही माझाच. जी नावं मी कागदाला सांगितली नाहीत, ती शिनोलीतली एक बाई पेज हातात धरून म्हणत होती. क्षणभर मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

मी तिला विचारलं, ही तुला कुणी सांगितली? ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमीच की. रोज पहाटं. आदी तुमची निमाज, मंग ही नावं, मंग म्हनता ह्या अकरा जनांना सांबाळ, आमचं काम सिद्धीला ने. ह्या पोटकुडातनं सगळं ऐकू येतं. मला वाटलं तुमच्या देवाची नावं. आमचा इठू बी त्यात हाय, म्हनून म्हनलं चांगलीच असतील. चूल पेटवताना म्या बी म्हनते. सुनंच्या बाळंतपनात म्हनली, सुखरूप सुटली ती. म्हनून ईचारलं, दोन दिस का नावं न्हाई, कुनाचं काय वंगाळ झालं का?"

मी म्हटलं, पण मी तर मनातल्या मनात म्हणतो. फार तर ओठ हलतात.

कोंडाबाईने पदर तोंडाला लावला. मग चिमाजीला हाक मारली. तो आला, ऐकलं, आणि मान हलवून म्हणाला, "मौलीसाब, राग मानू नगा. तुमाला कमी ऐकू येतं, त्यामुळं तुमचं हळू बोलनं आमच्या हाळी देन्यावानी असतं. आमी तर तुमच्या आवाजावर उठतो. दीड वरीस झालं, कोंबडं पाळलं न्हाई."

माझा विश्वास बसेना. मी उठलो, तापातच. त्याला म्हटलं, खाचराच्या पलीकडच्या बांधावर जाऊन उभा राहा. तो गेला. मी आत बसलो, डोळे मिटले आणि रोजच्यासारखी अगदी हलक्या आवाजात नावं घेतली. तो परत आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "सात नावं नीट आली. मंग आमच्या म्हशीनं हंबरून घोळ केला."

मला कमी ऐकू येतं हे मला ठाऊक होतं, शफी. आता लपवण्यात अर्थ नाही. मोठा विषमज्वर झाला तेव्हापासून. पण मौलवीला कमी ऐकू येतं म्हटलं की लोक मान देत नाहीत, म्हणून मी साऱ्या जगाला पुटपुटं ठरवलं. आणि घरच्या पहाटे? मशिदीत जाण्याआधी मी घरातच बसून या अकरांसाठी दुआ मागायचो. ज्यांना मी धोक्यात घातलं त्यांचं नाव अल्लासमोर घेतल्याशिवाय दिवस सुरू करणं मला हराम वाटायचं. माणसांपासून लपवलेली नावं अल्लापासून कशी लपवू? लपवायचीही नव्हती. फक्त आवाज माझ्या ताब्यात नव्हता. मागच्या बाजूला खिडकी, खिडकीखाली गल्ली, आणि गल्लीतून पहाटेची शिपायाची फेरी. "नावं तुझ्या घरातूनच मिळाली." अंमलदार खोटं बोलला नव्हता.

आणि तू मला सांगितलं होतंस. आज आठवतं. तीनदा तरी म्हणाला होतास, अब्बा, हळू म्हणा. मी डाफरलो होतो, मी हळूच म्हणतो, तू तुझे कान साफ कर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही मशिदीत, प्रवचनाच्या मिंबरावरून, मीच.

मला आधी लाज वाटायला हवी होती. वाटली, पण दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी मी पेजेचं भांडं तसंच ठेवून चिमाजीच्या ओट्यावर बसून रडलो आणि हसलो, दोन्ही. कोंडाबाई घाबरून म्हणाली, "ताप चढला जनू." तिला कसं सांगू? साडेतीन वर्षं माझ्या छातीवर एक धोंडा होता, तो उतरला होता. माझा मुलगा चोर नाही. अकरा माणसं माझ्या तोंडून पकडली गेली, ही भयंकर गोष्ट आहे, ती मी आयुष्यभर वागवीन. पण माझा मुलगा चोर नाही. दोन्ही तागड्यांत घालून बघितलं, तर हेच पारडं जड होतं. अल्ला मला माफ करो, मला फार हलकं वाटलं.

मी तुझा गुन्हेगार आहे. माफी कशी मागायची ते या वयात शिकतो आहे. जे भर जुम्याला केलं ते भर जुम्यालाच फेडायला हवं, एवढं मला कळतं. आधी जुन्नरला जातो.

तुझा अब्बा

जुन्नर, ता. १८ ऑगस्ट १९५७

प्रिय शफी,

तुला सलाम आणि पुष्कळ दुआ.

इथे येऊन आधी राजमहंमदांना सांगितलं. मला वाटलं ते हादरतील. ते हौदावरून हात पुसत उठले आणि माझ्या बऱ्या कानाशी येऊन म्हणाले, "मौलवीसाहेब, म्हणून तर तुमाला मागची खोली दिली व्हती. पुढच्या खोलीत असता तर सगळ्या पेठेला नावं पाठ झाली असती." मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "सांगितलं की. तीनदा. तुमाला ऐकू आलं न्हाई."

आम्ही दोघे म्हातारे तिथेच हौदाच्या काठावर बसून हसलो. मग मी म्हटलं, मला परवा जुम्याला बोलू द्या. वडीलधारे कुरकुरले. त्यांना वाटलं पुन्हा सभेचं प्रकरण. मी म्हटलं, राजकारणावर एक शब्द बोलणार नाही, माझ्या स्वतःच्या पापावर बोलायचं आहे, त्याला तर हरकत नाही ना? त्यावर कोण काय म्हणणार.

परवा नमाजानंतर उभा राहिलो. म्हटलं, दोन वर्षांपूर्वी याच गावात माझ्या गळ्यात हार घातला होता, माझ्या तोंडून एक नाव बाहेर पडलं नाही म्हणून. तो हार मी परत करायला आलो आहे. अकराच्या अकरा नावं माझ्या तोंडून गेली. रोज पहाटे, नेमाने, दुआच्या नावाखाली. आणि त्याची शिक्षा मी माझ्या निर्दोष मुलाला दिली. कुणी काही बोललं असेल तर मला ऐकू आलं नाही. बाहेर पडताना दोन वर्षांपूर्वी मला सुनावणारे सगळ्यात मोठे बुजुर्ग आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

राजमहंमदांनी आपल्या हातचा जाड कागद दिला, म्हणाले, हा लवकर फाटत नाही. त्यावर बारा पत्रं लिहिली. अकरा त्या अकरा जणांना. अल्लाच्या मेहेरबानीने सगळे सुटून बाहेर आहेत, काही गावात, काही बेळगावला. बारावं आपल्या मशिदीसाठी आहे. मी मिंबरावरून जे बोललो ते परत घेतो, दोष शफीचा नसून माझा, शफी माझा मुलगा आहे आणि होता, असं त्यात साध्या शब्दांत आहे. दिलशादला सांगितलं आहे की ते कुणीतरी मोठ्या आवाजाच्या माणसाने वाचावं. मला स्वतः येऊन वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं. सरहद्दीचं दुःख मला आजवर असं कधी झालं नव्हतं.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. तुझा राग मला मंजूर आहे.

अब्बा

शिनोली, ता. ९ फेब्रुवारी १९५८

माझ्या लाडक्या, माझ्या गाढवा,

तुझं पत्र घोडेगावच्या पोस्टातून चिमाजीने आणलं. तीन दिवस झाले, मी ते खिशात घेऊन हिंडतो आहे. आज उत्तर लिहितो.

तुला माहीत होतं!

तू लिहितोस, धरपकड झाली त्याच दिवशी पहाटे तू मागच्या खिडकीखाली शिपायाला वहीत लिहिताना पाहिलंस. मला सांगायला आलास तर मी मशिदीत निघून गेलो होतो, आणि दुपारी सगळं संपलं. म्हणजे मी कोठडीत तुला विचारलं, नावं तू दिलीस का, तेव्हा तुझ्या तोंडाशी उत्तर होतं. आणि तू मान खाली घातलीस.

पुढचं वाक्य मी इतक्यांदा वाचलं की ते मला पाठ झालं. "अब्बा, तुमच्या अंगावर वळ होते, आणि तुम्ही एकाच गोष्टीवर उभे होता, की तुमच्या तोंडून कुणाचं नाव गेलं नाही. ती काढून घेतली असती तर तुम्ही तिथून जिवंत बाहेर आला नसता. मला वाटलं, बाहेर आल्यावर सांगू. बाहेर आल्यावर तुम्ही मला काही विचारलंच नाहीत."

खरं आहे. विचारलं नाही. सरळ मिंबरावर चढलो.

मी लोकांना आयुष्यभर सबर शिकवला. सबर म्हणजे काय ते माझ्या घरात माझ्या पलीकडच्या अंथरुणावर झोपलेलं होतं आणि मी त्याला चोर म्हणालो. आता रागावू तरी कुणावर? तुझ्यावरच रागावतो. गाढवा, साडेतीन वर्षं! मशिदीत एकटा उभा राहिलास, सोयरीक मोडू दिलीस, आणि वरून मला टोप्या पाठवत बसलास! असला शहाणपणा तुला कुणी शिकवला? मी तर नक्कीच नाही. तुझ्या अम्मीचाच तो.

बाकीचंही वाचलं. मशिदीत माझा कागद वाचला गेला आणि नमाजाला उभं राहताना जुझे मास्तर, ख्रिस्ती माणूस, दारात टोपी हातात धरून उभे होते. विठू गावकरचं पत्र मला वेगळं आलं. लिहितो, मौलवीसाहेब, माझ्यासाठी रोज दुआ मागणारा दुसरा कुणी नव्हता, तुरुंगात गेलो ते एका अर्थी तिचंच फळ, पण असो. रघुवीरने उत्तर दिलं नाही. तो देईल असं वाटत नाही आणि त्याने द्यायलाच हवं असं मी म्हणणार नाही. तुरुंगात त्याची शेवटची दोन बोटं गेली. त्याचं नाव मी आता सगळ्यांच्या आधी घेतो.

आणि करीमखान! स्वतः तुझ्या दाराशी आला, जन्नतबीचं नाव पुन्हा काढलं, हे वाचून मी चिमाजीला मिठी मारली. चिमाजी नांगराची दोरी वळत होता, तो बिचारा पडलाच. निकाह लावून टाका. माझ्यासाठी थांबू नका. मला त्या गावात पाऊल टाकता येणार नाही, आणि फिरंगी कधी जाईल ते अल्ला जाणे. माझी परवानगी मागतोस, तर ही घे, दोन्ही हातांनी. नवरीच्या मेहेरच्या रकमेचं काय ते करीमखान आणि तू बघा. फक्त खुतबा कुणी चांगल्या, खणखणीत आवाजाच्या माणसाकडून पढवा.

निकाहनंतर दोघांना दिलशादकडे जायचा परवाना मिळेल असं लिहितोस. मग बांद्यालाच थांबू नका. पुढे पुण्याला या, पुण्याहून घोडेगावची एसटी मिळते, तिथून शिनोली चालत. कोंडाबाई आतापासून तांदूळ निवडते आहे. तिची सून म्हणते, पाव्हनी येनार म्हनून ह्या म्हातारीनं घर दोनदा सारवलं. मी कोंडाबाईला म्हटलं, कशाला, अजून काही नक्की नाही. ती म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा. तुमाला काय ठावं, तुमी तर आताआता ऐकायला लागला."

पहाटेची दुआ मी सोडलेली नाही. सुरुवातीला आठवडाभर तोंडावर हात धरून बघितला, मनातल्या मनात म्हणून बघितलं. कोंडाबाई तक्रार घेऊन आली की चूल पेटेना. मग मी सोडून दिलं. इथे कुणी वही घेऊन खिडकीखाली उभा नाही. आता तर मी मुद्दाम मोठ्याने म्हणतो. ऑगस्टपासून अकराचं बारा केलं होतं, तुझं पत्र आल्यापासून तेरा. बाराव्या नावाबद्दल वाडीत बरीच चर्चा झाली, शेवटी मी सगळ्यांना सांगून टाकलं. तेराव्याबद्दल मी अजून सांगितलेलं नाही, बायका आपापसांत तर्क करताहेत.

तेव्हा शिनोलीत शिरलात की माझं घर विचारू नकोस. जो पहिला माणूस भेटेल त्याला नुसतं म्हण, मी शफी, ही जन्नतबी.

तुझा अब्बा